चूक माझी, गवत तुमचं

विराबीन गावच्या कौन्सिलमध्ये दर नोव्हेंबरला एक दिवस असा यायचा की त्या दिवशी कुणीही कुणाचीही टर उडवावी आणि कुणी तोंड वाकडं करू नये. आगीच्या तपासणीचं प्रशिक्षण असायचं तो दिवस.

तिकडे उन्हाळा नोव्हेंबरातच लागतो. टेकड्या पिवळ्या पडल्या, पहाटेचा वारासुद्धा गरम यायला लागला, की गावातलं प्रत्येक आवार आणि प्रत्येक मोकळा प्लॉट बघून यायचं. गवत घोट्याच्या वर गेलेलं दिसलं, कुंपणाला वाळक्या फांद्यांचा ढीग टेकलेला दिसला, की मालकाला नोटीस. अमुक तारखेच्या आत साफ करा, नाहीतर कौन्सिलचा ट्रॅक्टर येईल, बिल तुमच्या नावावर फाटेल आणि वर दंड बसेल तो वेगळाच. या कामाला हंगामापुरती नवी माणसं घेत आणि त्यांना तयार करायचं काम मर्ल टॉलहर्स्टचं. मर्ल म्हणजे गावची आग-प्रतिबंधक अधिकारी. साठीची, आडव्या बांध्याची, आवाज भोंग्यासारखा. नियम वाचून दाखवले की माणसं पेंगतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं, म्हणून तिने एक रीत पाडली. सरावाची नोटीस गावातल्या कुणातरी ओळखीच्या माणसाच्या नावाने लिहायची आणि जितकी चावरी लिहिता येईल तितकी लिहायची. मग सगळ्या नोटिसा चहाच्या खोलीतल्या फळ्यावर टाचायच्या, आणि सगळ्यांत जास्त हसू आणेल त्याला बशीभर लॅमिंग्टन. खोबऱ्यात लोळवलेले ते चॉकलेटचे चौकोनी केक मर्ल स्वतः करायची. गावात काही लोक तर असे होते की यंदा आपलं नाव फळ्यावर नाही म्हटल्यावर दोन दिवस गाल फुगवून बसत.

यंदा मात्र कागद नव्हता, टॅबलेट होते. आणि ते टॅमझिनने तयार केले होते!

टॅमझिन ऑजर्स एकोणीस वर्षांची. शाळेत असताना ती इतकी गप्प बसायची की वर्गातल्या बाईंनी एकदा ती समोर असताना तिची गैरहजेरी लावली होती. पण कौन्सिलच्या मागच्या खोलीत, नोटिसांच्या त्या नव्या सॉफ्टवेअरसमोर बसली आणि पोरीला जणू वाचाच फुटली. नकाशा टॅनरी गल्ली नदीत दाखवत होता, तिने ती ओढून काठावर आणली. कधीच वारलेल्या मालकांची नावं काढली. एकाच प्लॉटचे तीन तुकडे झाले होते, ते पुन्हा जोडले. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "हे असं करता येत नाही," तर ही म्हणाली, "मी केलंय, तुम्ही बघता का?" नोटीस मागे घेताना कारण निवडावं लागतं, त्या कारणांवरून तर ती मॅनेजर डॅरिलशी तासभर भांडली होती. डॅरिलला तिथे 'इतर' हवं होतं.

"'इतर' ठेवलंस ना, की सगळी लफडी 'इतर'मध्ये जाऊन बसतील," ती म्हणाली होती. "चारच कारणं ठेवू. मालक चुकीचा, जागा चुकीची, धोका नव्हता, धोका दूर केला. नोटीस मागे घेण्यासारखं पाचवं कारण जगात आहे का, सांग."

चारच राहिली.

तर त्या शुक्रवारी सहा नवे तपासनीस, मर्ल आणि टॅमझिन अशी सगळी फौज कौन्सिलच्या सभागृहात बसली होती. पंखे गरगरत होते. प्रत्येकाच्या गळ्यात मर्लने सही केलेलं कोरं करकरीत ओळखपत्र होतं. टॅमझिनलाही एक मिळालं होतं. हंगामभर तीही तपासणीला जाणार होती, आणि ते ओळखपत्र ती दर दोन मिनिटांनी सरळ करत होती.

"चला, लिहा आता," मर्ल गरजली. "आणि मिळमिळीत लिहाल तर केक मी एकटी खाईन."

हेमी नावाचा एक दांडगा माणूस होता. आधी मेंढ्यांची लोकर कातरायचा, पाठ गेली म्हणून इकडे आलेला. त्याने डॅरिलच्या घराला नोटीस दिली: हिरवळ उत्तम, परंतु तळ्याकाठी गळ टाकून बसलेला मातीचा बुटका बरेच दिवस कोरडा असून कोणत्याही क्षणी पेट घेईल, त्यास पाणी पाजावे. कुणीतरी बेकरीवाल्याला लिहिलं की त्याच्या खिमा भरलेल्या 'मीट पाय'चं आवरण ज्वलनशील आहे. कुणी पाद्रीबाबांना लिहिलं की नरकाचा अग्नी पेटता ठेवायला कौन्सिलचा परवाना लागतो. लोक टेबलं बडवत हसत होते.

टॅमझिनने नगराध्यक्षांना धरलं. कॉलिन बॅथगेट. जमिनींचा दलाल, शनिवारी बाजारात स्वतः सॉसेज भाजून क्रिकेट क्लबसाठी पैसे जमवणारा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. त्यांचं मोठं रान पॉपलर्स कॅरव्हान पार्कच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीच्या, मागे होतं. तिने लिहिलं:

'तुमचं गवत तुमच्या आश्वासनांपेक्षाही उंच झालंय. दोन्ही कापणं जमत नसेल तर निदान गवत तरी कापा.'

मर्लने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि हेमी इतका हसला की त्याची पाठ पुन्हा धरली. बशी टॅमझिनकडे आली.

"आता शेवटचं बटण दाबा," टॅमझिन तोंडात केक कोंबून म्हणाली. "सराव आहे, बिनधास्त दाबा!"

सगळ्यांनी बिनधास्त दाबलं.

चहा गाळून होतो न होतो तोच डॅरिल दारात उभा. हातात फोन, तोंड उन्हात विसरलेल्या टोमॅटोसारखं.

"मला कौन्सिलकडून मेसेज आलाय," तो म्हणाला. "माझ्या बुटक्याला पाणी पाजायचंय."

आधी सगळे खो खो हसले. मग एकेक जण आपल्या टॅबलेटकडे बघायला लागला.

टॅमझिनच्या लगेच ध्यानात आलं. सॉफ्टवेअरच्या दोन प्रती होत्या, एक सरावाची आणि एक खरी. सरावाच्या प्रतीला वर पिवळी जाड पट्टी असायची. उन्हात ती पट्टी डोळ्यांत खुपते, अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून गेल्या आठवड्यात तिने ती काढून टाकली होती. अक्षरं झकास दिसायला लागली. दोन्ही प्रती सख्ख्या जुळ्या बहिणींसारख्या दिसायला लागल्या. आणि तिने टॅबलेटवर चढवली होती ती दुसरी बहीण.

"माझी चूक," ती म्हणाली. शाळेतली टॅमझिन असती तर टेबलाखाली गेली असती. ही उभी राहिली. "पट्टी मी काढली होती. खरी प्रत मीच चढवली. नोटिसा खऱ्याच गेल्यात."

"सगळ्यांना?"

"ज्यांचे नंबर आहेत, त्या सगळ्यांना."

"कॉलिनला काय गेलं?" डॅरिलने विचारलं.

मर्लने घसा खाकरला आणि पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. डॅरिल खुर्चीत बसला.

"मागे घे," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर. एकूण एक."

टॅमझिनने टॅबलेट ओढला. बुटक्याची नोटीस मागे घेतली, कारण: धोका नव्हता. बेकरीची, धोका नव्हता. पाद्रीबाबांची घेताना हेमी हळूच पुटपुटला, "तिथे मी खात्री देणार नाही," पण तीही गेली. मग बॅथगेटांचं रान आलं. खाली तीच चार कारणं. तिचं बोट वरच थांबलं.

मालक बरोबर होता. जागा बरोबर होती. धोका कुणी दूर केला नव्हता.

आणि धोका नव्हता? टॅमझिन आणि तिची आई लॉरीन पॉपलर्समध्येच राहायच्या. अगदी शेवटच्या ओळीत, कुंपणाला लागून. तिच्या खिडकीतून आकाश दिसायचं आणि बॅथगेटांचं गवत दिसायचं, बाकी काही नाही. गेल्या जानेवारीत त्या गवतात कुणीतरी गाडी घातली आणि तिच्या धुराच्या तापलेल्या नळकांड्याने ते पेटलं. अग्निशमनची गाडी पोचेपर्यंत पार्कातल्या माणसांनी बागेच्या नळ्या, बादल्या, ओले टॉवेल, हाताला येईल ते घेऊन आग कुंपणाशी अडवली. कॅरव्हान म्हणजे शेवटी प्लायवूड आणि प्लॅस्टिक. पार्काला फाटक एकच, आणि तेही रानाच्याच बाजूला. आईच्या भुवया जळल्या होत्या. परत आल्या त्या जरा वाकड्याच आल्या.

"दाब ना," डॅरिल म्हणाला. "कुठलंही दाब."

"एकही कारण खरं नाही."

"अगं टॅम, सॉफ्टवेअरला काय कळतंय खरं-खोटं!"

"मला कळतंय ना."

"हे बघ, तू राहतेस तिथे. लोक म्हणतील पोरीने मुद्दाम केलं. तुझं कंत्राट हंगामी आहे, विसरू नकोस. मागे घे, माफीचं पत्र लिही, सोमवारी आपण सगळे नव्याने सुरुवात करू. त्यांच्या रानाची तपासणीही होईल. दरवर्षी होतेच की."

हे ऐकल्याबरोबर मर्ल फिसकन हसली. त्या रानाची तपासणी दरवर्षी होत होती हे अगदी खरं. पण तपासणी कधी सुरू होणार ते कौन्सिल वर्तमानपत्रात छापायचं, आणि नगराध्यक्षांना तर छापण्याआधीच ठाऊक असायचं. मग आदल्या रविवारी रानात मेंढ्या यायच्या. जिथे जनावरं चरतात ते रान गावठाणाच्या नियमाबाहेर. मर्ल जायची, मेंढ्या दिसायच्या, आणि 'चराऊ रान' असं लिहून परत यावं लागायचं. तपासणी उरकली की मेंढ्या गायब. गावात सगळ्यांना माहीत, आणि बोलायचं म्हटलं तर सगळेच सॉसेज खात असायचे.

"मर्ल," टॅमझिनने विचारलं, "तपासणी सोमवारीच सुरू करायची असा कायदा आहे का?"

"नाही. ती आपली सोय. मी ओळखपत्रावर सही केली की तुला अधिकार."

"म्हणजे मला आत्ता जाता येईल."

"टॅमझिन!" डॅरिल ओरडला.

"विनोदाची नोटीस मी मागे घेईन, डॅरिल. ती उद्धट आहे आणि न बघता दिलेली आहे. पण जाऊन बघून मग घेईन. गवत कापलेलं असलं तर 'धोका नव्हता' दाबेन, माफी मागेन आणि हे गळ्यातलं तुझ्या हातात देईन. बस?"

"आणि कापलेलं नसलं तर?"

"आज शुक्रवार आहे," टॅमझिन म्हणाली. "मेंढ्या रविवारी येतात."

डॅरिलने मर्लकडे पाहिलं. मर्लने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावरून सरकवली. "हेमी, तू बरोबर जा. तपासणीला दोघं लागतात. आणि पोरी, तोंड पूस. खोबरं लागलंय."

रानाच्या फाटकाशी उतरल्या उतरल्या उन्हाने कानफटात मारली. गवत टॅमझिनच्या कमरेपर्यंत आलेलं, वाळून कुरकुरीत झालेलं, वाऱ्याने नुसतं सळसळत होतं. तिने मोजपट्टी लावली. नियमातली दहा सेंटीमीटरची खूण कुठेतरी पार तळाशी बुडाली. हेमीने फोटो घेतले. मग दोघं चालत पार्काच्या कुंपणापर्यंत गेले. तिथे पॉपलरच्या झाडांच्या पडलेल्या फांद्याही होत्या, जळणासाठी रचून ठेवल्यासारख्या.

कुंपणापलीकडे लॉरीन कपडे वाळत घालत होती. "काय गं, कामाच्या वेळेला इकडे कशी? हाकललं की काय?"

"अजून नाही. थांब जरा, होईल."

"मग चहा घेऊन जा." तिने वाकड्या भुवया वर केल्या. "हा कोण?"

"मी हेमी. चहात दोन चमचे साखर," हेमी म्हणाला.

तेवढ्यात फाटकाशी धुरळा उडाला. नगराध्यक्षांची उघड्या हौद्याची गाडी, आणि गाडीमागे ट्रेलर. ट्रेलरमधून बँ बँ असा कोरस! नोटीस मिळाल्या मिळाल्या माणसाने रविवारची वाट पाहिली नव्हती.

बॅथगेट खाली उतरले, टोपी मागे सारली आणि नेहमीसारखं हसले. "टॅमझिन बाळा! आलीस का? बरं झालं. मेसेज वाचला मी. आमची बायको अजून हसतेय. मस्करी आहे, मी समजू शकतो. मीही तरुण होतो. आता ती नोटीस मागे घे, आपण विसरून जाऊ."

"मागे घेणारच आहे, मिस्टर बॅथगेट."

"शाब्बास."

"आणि दुसरी देणार आहे."

त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. "हे चराऊ रान आहे. ह्या बघ मेंढ्या."

"ह्या ट्रेलरमध्ये आहेत."

"उतरवतोय ना!" त्यांनी ट्रेलरची फळी पाडली. मेंढ्या धडपडत उतरल्या, घोळका करून उभ्या राहिल्या आणि उंच वाळल्या गवताकडे अशा बघायला लागल्या, जसं टॅमझिन शाळेच्या डब्यातल्या उकडलेल्या बीटाकडे बघायची.

हेमी पुढे झाला, एकीचं थोबाड हातात धरलं. "हिला मी ओळखतो. गेल्या वर्षी कातरलीय. ही टेकडीपलीकडच्या फोक नावाच्या मेंढीवाल्याची आहे. काय गं, सहलीला आलीस?" मग बॅथगेटांकडे वळून म्हणाला, "ह्या हे नाही खाणार, दादा. काड्या झाल्यात त्याच्या. तुम्ही खाल का?"

जणू त्याचं ऐकूनच सगळा कळप वळला, टॅमझिनच्या मागून कुंपणाशी गेला, तारांमधून माना घातल्या आणि लॉरीनच्या कुंड्यांमधली जिरेनियम फराफरा ओढायला लागला.

"अहो! अहो नगराध्यक्ष!" लॉरीन ओला टॉवेल परजत ओरडली. "तुमच्या पाहुण्या माझी फुलं खातायत! गेल्या उन्हाळ्यात तुमच्या गवताने भुवया घेतल्या, यंदा फुलं? पुढच्या साली काय, मला?"

पार्कातली माणसं एकेक करून बाहेर यायला लागली. कुणी बनियनवर, कुणी हातात चहाचा कप घेऊन. नुसती कुंपणाला रेलून उभी राहिली. गेल्या जानेवारीतही ती इथेच, याच ओळीत उभी होती.

बॅथगेट टॅमझिनच्या जवळ आले आणि आवाज खाली आणला. "पोरी, विचार कर. मशीन तू बिघडवलंस. सगळ्या गावाला वेडगळ नोटिसा तू पाठवल्यास. सोमवारी मी सभेत एवढंच विचारलं ना की हा घोळ कुणाचा, तर तुझं काय राहील? आणि वर मला नोटीस? मला?"

टॅमझिनने टॅबलेट छातीशी घट्ट धरला. आवाज, तिलाच नवल वाटलं, अगदी ठणठणीत निघाला.

"सोमवारी कशाला, आत्ताच सांगते. मोठ्याने सांगते. घोळ माझा! पट्टी मी काढली, खरी प्रत मी चढवली, तुमची चेष्टा मी केली. त्या चेष्टेबद्दल माफी मागते, सभेत पुन्हा मागेन, हवं तर बाजारात तुमच्या सॉसेजच्या टेबलापुढे उभी राहून मागेन. चूक माझी आहे, मिस्टर बॅथगेट. पण गवत तुमचं आहे. माझ्या चुकीने ते बोटभरसुद्धा कमी होत नाही."

कुंपणामागून कुणीतरी शिट्टी मारली.

तिने पहिली नोटीस उघडली. आता चार कारणांतलं एक दाबायचं होतं. ती क्षणभर घुटमळली. तेव्हा खाली एक ओळ दिसली, तिनेच कधीतरी घातलेली: नव्याने तपासणी करून नोटीस बदला. हे मागे घेणं नव्हतंच. तिने चावरं वाक्य पुसलं आणि लिहिलं: 'संपूर्ण रानात वाळलेलं गवत कमरेइतकं. कुंपणालगत वाळक्या फांद्या. लागून वस्ती, बाहेर पडायला एकच वाट. सर्व कापून साफ करावे.' तारीख घातली. फोटो जोडले. एकही विनोद नाही.

शेवटचं बटण आलं. या वेळी कुठली प्रत आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

बॅथगेटांच्या खिशातला फोन टिंग वाजला. त्यांनी तो काढला नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे, मग कुंपणावरच्या माणसांकडे.

"ह्यांना परत चढवायला कुणीतरी मदत करा," ते शेवटी म्हणाले.

"आधी कुंड्यांचं बोला," लॉरीन म्हणाली.

परत जाताना गाडीत डॅरिलचा फोन आला. टॅमझिनने तो स्पीकरवर टाकला.

"त्यांनी मला फोन केला होता," डॅरिल म्हणाला. "सोमवारी तू येऊ नकोस."

"सोमवारी आठ वाजता मला टॅनरी गल्ली आहे. टॅबलेट माझ्याकडे आहे आणि गळ्यात मर्लची सही. काढायचं असेल तर तिला काढू दे. आहे का ती तिथे?"

पलीकडून भोंगा वाजला, "मी इथेच आहे! आणि मी नाही काढत!"

मग डॅरिल थकल्या आवाजात म्हणाला, "निदान ती पिवळी पट्टी तरी परत लाव."

"लावते," टॅमझिन म्हणाली. "अजून जाड लावते."

सोमवारी टॅमझिन सभेत उभी राहिली आणि तिने चेष्टेबद्दल माफी मागितली, चेष्टेबद्दलच, आणखी कशाहीबद्दल नाही. बॅथगेटांनी नोटिशीविरुद्ध अर्ज केला. मर्लने त्या अर्जाला फोटो जोडून उत्तर धाडलं. बाजारात पॉपलर्सच्या माणसांना सॉसेज जरा जळकेच मिळायला लागले. तरीही ती माणसं मुद्दाम रांगेत उभी राहायची आणि मुद्दाम कांदा जास्त मागायची.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी रानात बॅथगेटांनीच पाठवलेला ट्रॅक्टर आला. दुपारपर्यंत गवत आडवं झालं. लॉरीनची दोरीवरची सगळी धुणी भुशाने माखली, चादरी पार तपकिरी झाल्या. टॅमझिन कामावरून आली तेव्हा आई दोरीखाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघ, बघ काय केलंय मेल्यांनी! सगळं परत धुवायचं आता."

"नोटीस देऊ का त्यांना?" टॅमझिनने विचारलं.

लॉरीनने एक चादर ओढली, जोरात झटकली आणि भुशाच्या ढगात दोघी शिंकत सुटल्या. ढग विरला तेव्हा कुंपणापलीकडे पार रस्त्यापर्यंत स्वच्छ दिसत होतं.